हातात वादळ नव्हतं

राजारामपुरी, कोल्हापूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सूरजदादा,

सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. ऑफिसात मला कायम केलं. खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं, बाकी तक्रार नाही. आईचा गुडघा कसा आहे? पप्पांचा नवा चष्मा तयार झालाय, आत्याबरोबर पाठवतेय.

काल बनाआत्या इथं मुक्कामाला आली. म्हणाली, सूरजनं विचारलं, "औंदा तिच्या जोडीला कोण हाय?" आत्याला वाटलं तू माझ्या लग्नाची चौकशी करतोयस. तिनं म्हणे तुला दोन स्थळंही सांगितली. तू आपल्या कार्डांच्या खेळाच्या स्पर्धेचं विचारत होतास हे मला लगेच कळलं. तू फोन उचलत नाहीस, मी हुपरीला आले की रविवारीसुद्धा चांदीच्या पैंजणांच्या कारखान्यात जाऊन बसतोस. म्हणून हे पत्र आत्याच्या हाती देतेय.

मागच्या वर्षीची उपांत्य फेरी मी वहीत पुन्हा मांडली. एकदा नाही, बऱ्याचदा. समोरच्या जोडीतल्या विश्वजितकडे चार लाइफ उरल्या होत्या. आपले तीन योद्धे, प्रत्येकाची ताकद दोन. त्याच्याकडे अडवायला एकच योद्धा. तिघांनी हल्ला केला असता तर एक अडला असता, दोघांनी मिळून चार घेतल्या असत्या आणि आपण तिथंच जिंकलो असतो. भीती फक्त वादळाची. हल्ल्याला आलेल्या सगळ्यांना मारणारं ते कार्ड त्याच्या हातात असतं तर आपले तिघेही गेले असते.

मी हिशोब केला होता. त्याची न दिसलेली वीस कार्डं, त्यात दोन वादळं, त्याच्या हातात दोन कार्डं. म्हणजे पाचात एकदा धोका. मला तो जास्त वाटला. मी एक योद्धा मागं ठेवला आणि दोघांनाच पाठवलं. विश्वजितच्या दोन लाइफ राहिल्या. पुढच्याच टर्नला त्यानं वादळ उचललं आणि आपण हरलो.

माझ्या दोन चुका झाल्या. थांबलं की समोरच्याला आणखी एक कार्ड मिळतं, हे मी धरलंच नाही. दुसरी चूक मोठी. आधीच्या टर्नला आपला हल्ला अडवताना त्यानं स्वतःचा सगळ्यात मोठा योद्धा मरू दिला होता. वादळ असतं तर तेव्हाच टाकलं असतं. म्हणजे त्याच्या हातातलं जुनं कार्ड वादळ नव्हतंच. उरलं एक, नुकतंच उचललेलं. धोका दहात एकदा.

हे मला वहीत दिसायला आठ महिने लागले. तुला तिथंच दिसलं होतं. तू माझ्याकडं वाकून म्हणालास, "दीक्षा, थांब की. मगाशी त्यानं..."

आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, हे गणित आहे, घुंगरं डागायचं काम नाही."

हे वाक्य एकदा खोडलं होतं. पण मी ते म्हणाले. विश्वजित मान खाली घालून कार्डं चाळत राहिला. तू हसलास. बसमध्ये मागच्या सीटवर जाऊन बसलास. पुढच्या आठवड्यात तुझा सगळा कार्डांचा डेक आत्याबरोबर माझ्याकडं आला.

बारावीनंतर आपल्यापैकी एकालाच कोल्हापूरला ठेवता येणार होतं. तू पप्पांना सांगितलंस, "हिला शिकू दे, मला कुठं वाचायला आवडतंय?" खोटं बोललास तू. एकेका कार्डावरचं बारीक इंग्रजी शब्दकोश घेऊन वाचणारा माणूस तू. मला हा खेळ शिकवलास तूच. घरातली पहिली पदवी माझी, पण ती तुझ्या अंगावर फेकून मारायला मिळालेली नव्हती. माफ कर.

यंदाची जोड्यांची स्पर्धा सोळा तारखेला आहे. नावं शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. विश्वजितनं मला जोडीला विचारलं होतं. तो चांगला खेळतो, त्याच्याबरोबर कदाचित जिंकेनही. मी नाही म्हटलं. तू आला नाहीस तर यंदा मी बघायला जाईन, खेळायला नाही. याचं ओझं तुझ्यावर नाही, निर्णय माझा आहे.

तुझा डेक या पिशवीत आहे. एकही कार्ड बदललेलं नाही. ठेवायचा की घेऊन यायचं, तू ठरव.

मगाशी त्यानं काय केलं होतं, ते मला तुझ्या तोंडून पूर्ण ऐकायचंय.

तुझं वाक्य अर्ध्यात तोडणारी,
दीक्षा