भिंगरीच्या खेळांचे फोटो

१४ जुलै

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आहेतच, पण आजचे दात-ओठ खाऊन दिलेले आहेत असं समज. इतके दिवस पत्र लिहिलं नाही, त्याची आधी माफी मागते. तुला सांगायचं ते डायरीत लिहून मी मोकळी होते, ही सवय बरी नाही. फोनवर बोलता आलं असतं. पण रागाचं बोलणं तोंडाने करू नका, कागदावर करा आणि लिहिलेलं खोडू नका, हा आप्पांचा नियम आपण दोघी अजून पाळतो. तेव्हा ऐक.

नर्सिंगच्या कोर्सला जाताना भिंगरीला माझ्याकडे ठेवलीस याचा मला आनंद होता आणि आहे. मेहुणे ट्रक घेऊन कायम बाहेर, मग दुसरं होतं तरी कोण? दर रविवारी तू पुढच्या आठवड्याचे खेळ कळवतेस. पिठाच्या ताटात बोटाने अक्षर काढणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, बंद डब्यात काय खुळखुळतंय ते ओळखणं. खेळ छान आहेत, खोटं कशाला बोलू? नकाशांच्या ऑफिसात रेघा ओढून घरी आले की मलाच त्या मोज्यांच्या ढिगात फतकल मारून बसावंसं वाटतं. पण प्रत्येक खेळाखाली तुझं पालुपद ठरलेलं, फोटो पाठव. पाठवला नाही की संध्याकाळी विचारणा. मी मावशी आहे की हजेरी घेणारी मास्तरीण?

परवा फोन दुरुस्तीला दिला होता. भिंगरीला छोटी किटली भरून दिली, ओट्याजवळ स्टुलावर पेले मांडले आणि भाजी चिरायला वळले. थोड्या वेळाने पाहते तर पोरगी तशीच उभी. किटली दोन्ही हातांनी उचललेली, पण थेंबही ओतलेला नाही. मी म्हटलं, ओत की गं. तर तिने विचारलं, फोन कुठेय. आज फोन नाही, आज नुसतंच खेळायचं, असं सांगितल्यावर तिने किटली खाली ठेवली, मग आज नको म्हणाली आणि पेले एकात एक घालून ठेवून दिले. रडली नाही, हट्ट नाही. ऑफिसातल्या साहेबाने फाईल मिटावी तसा खेळ मिटला.

पाच वर्षांच्या मुलीला कोणी बघितल्याशिवाय पाणी ओतता येईना! कुठल्याशा मोठ्या शाळेतल्या मुलाखतीला दाखवायला पुरावे जमवतेस की काय? तिथल्या बायका पोरांना घोड्यासारखं तोंड उघडून तपासतात, आणि तू आत्तापासून तिचा लगाम घट्ट करतेस. तुझ्यावर अन्याय होऊ नये म्हणून डायरीत दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. तुझ्या बाजूला लिहायला फारसं काही सापडलं नाही. आजपासून एकही फोटो येणार नाही.

लोभ आहे. तो वाढवावा असं आज हात लिहू देत नाही.

ताई


२१ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांग घातला, आता उठून भांडते.

मुलाखत? कसली मुलाखत? तुझ्या डोक्यात एकदा नकाशा तयार झाला की रस्ते तू मनाने काढतेस. फोटोत किती पेले भरले ते मी बघतच नाही. तिच्या गुडघ्याला खरचटलंय का ते बघते. गाल उतरलेत का ते बघते. मागे दोरीवर तिचा निळा फ्रॉक वाळतोय, म्हणजे तो अजून तिला होतो, एवढ्यावर माझा एक दिवस निघतो. तू तिचे केस कापलेस. मला विचारलं नाहीस, सांगितलंही नाहीस. मला ते बटणांच्या खेळाच्या फोटोतून कळलं, आणि मी वॉर्डातल्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्याचं काय?

फोनवर ती दोन शब्द बोलते आणि पळते. मग इथे बसून मी आई म्हणून करायचं तरी काय? पेशंटचे बेड बदलता बदलता तिच्यासाठी खेळ शोधते. बरोबरीच्या मुली हसतात, म्हणतात हिच्या खिशात थर्मामीटर कमी आणि मोजे जास्त. हसू देत. तू मात्र त्याला लगाम म्हणालीस.

तुला ती अख्खी मिळाली आहे, ताई. उठताना, झोपताना, रुसताना. मला तिचा तळहाताएवढा तुकडा मिळायचा, तोही तू काढून घेतलास. स्वतःचं मूल नाही म्हणून तुला हे कळत नाही. लिहिलं. नियमाप्रमाणे खोडत नाही.

फोटो पाठवायचे नसतील तर तसं स्पष्ट कळव. मी कोर्स सोडते. परीक्षेला थोडेच महिने राहिलेत हे मलाही कळतं, पण पोरगी विसरून मिळवलेली नर्सची टोपी मला नको. पुढच्या सोमवारी नाव काढून टाकायचा अर्ज देईन आणि तिला घेऊन जाईन.

तुझ्या तब्येतीला जप. हे रागातही लिहावं लागतं, काय करणार.

तुझी धाकटी


२६ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद, आणि त्याच्या आधी एक कानाखाली.

कोर्स सोडशील तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. ही टोपी तुला बाविसाव्या वर्षीच मिळायची होती. तेव्हा लग्नाने अडवलं, नंतर बाळंतपणाने, आणि आता माझ्याशी भांडण म्हणून सोडणार? अर्जाचा कागद फाड आणि मग पुढचं वाच.

मूल नाही, हे वाचलं. खरं आहे. लागलंही. पण तुझ्या पत्रातला तो एकच भाग मी दोनदा वाचला नाही. केसांचा मात्र चारदा वाचला. विचारायला हवं होतं. उवा झाल्या होत्या, कापले, आणि तुला सांगण्यासारखं त्यात काही आहे हे मनातही आलं नाही.

पत्र वाचून झाल्यावर मी भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, फोन नसला की तू खेळत का नाहीस. तिने मला वेड्यात काढलं. म्हणाली की त्या काळ्या गोल भोकातून आई बघते. फोन नसेल तर आई नसते. मग आई यायच्या आधीच सगळं पाणी ओतून संपलं तर आई काय खेळणार?

मी बारा दिवस फोटो काढले नाहीत, आणि बारा दिवस पोरीने एकही खेळ पूर्ण केला नाही. मला वाटत होतं तिला कौतुकाची चटक लागलीय. ती तुझ्यासाठी थांबत होती. शेवटचा एक मोजा ती जोडी न लावता ठेवते आहे, शेवटचा डबा न ओळखता. जुने फोटो काढून पाहिले, तर त्यांतही तसंच. मी समोर असून मला दिसलं नाही, आणि तू रोज फोटो बघत असून तुला दिसलं नाही. आता माझा राग कोणावर आहे ते तपासलं. तुझ्यावर आहे, माझ्यावर आहे, आणि सगळ्यात जास्त त्या तुमच्या होस्टेलच्या बाईंवर आहे, ज्या आईला एक रविवार सुट्टी देत नाहीत आणि लहान मुलांना आत घेत नाहीत.

त्या बाईंना माझा निरोप सांग. मुलं आत चालत नसतील तर आम्ही बाहेर बसू. फाटकासमोर फुटपाथ तर असेल? रविवारी जेवणाच्या सुट्टीत तू बाहेर ये. मी समोरच्या बाजूला पाठ करून बसेन आणि एकदाही वळून बघणार नाही. खेळ तू ठरवू नकोस, मीही ठरवणार नाही. मुकाट्याने तिच्यासमोर बस आणि ती देईल ते हातात घे. फोटो कोणी काढायचा नाही. परत आल्यावर रोजचे फोटो पाठवीन, बिनतक्रार, गुडघ्यांसकट.

भिंगरीला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर चपला घालून दारातच झोपेल.

लोभ तुझ्याकडे शिल्लक असेल तेवढा पुरे.

ताई

(ताईच्या डायरीत) उद्या: रविवारच्या पहिल्या बसचं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट काढणे.