बाबांची जागा आणि माझी एम.एस्सी.

३ जुलै, गुरुवार
अनुकंपाचं पत्र आलं. बाबा नोकरीत असतानाच गेले, म्हणून त्यांच्या कार्यालयात घरच्या एकाला जागा. तो एक म्हणजे मी. चार वर्षं यादीत होते, नंबर आज लागला. कनिष्ठ लिपिक, बुलढाणा, घरापासून चालत बारा मिनिटं.

आईने पत्र आधी देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, मग मला वाचायला दिलं. जावक क्रमांकावर कुंकू सांडलंय. म्हणाली, "तुह्या बाबाची जागा घरात आली." आणि रडली. मीही रडले. दोघींची कारणं वेगळी होती, तिला ते कळलं नाही.

पुण्याचं अजून सांगितलेलं नाही.

४ जुलै, शुक्र.
नीट लिहून ठेवते, म्हणजे निदान इथे तरी खोटं नको.

पा. मॅडमनी प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला लावला. कॉलेजात तीन वर्षं त्यांनीच गणित शिकवलं, त्यांना नाही म्हणता येत नाही. खरं म्हणजे म्हणायचंच नव्हतं. पास झाले. एम.एस्सी. गणित, पुणे, हॉस्टेलसकट. मागच्या आठवड्यात आईला सांगितलं, मैत्रिणींबरोबर दोन दिवस शेगावला दर्शनाला जाते. गेले पुण्याला. प्रवेश घेऊन परत. येताना चिखलीच्या स्टँडवर पेढे घेतले, ते प्रसाद म्हणून दिले. आईने डोळे मिटून, हात जोडून खाल्ले.

वर्ग २१ तारखेपासून.

६ जुलै, रवि.
साखरखेर्ड्याहून काकांचा फोन. बाबांचे मोठे भाऊ, भाजीपाला करतात, फोनवर शेतात बोलावं तसं ओरडून बोलतात. "पोरी, सरकारी नोकरी चालून आली, आता कोनाचं आयकू नको!" मी कोणाचंच ऐकत नाहीये काका, माझं सुद्धा. हे मनात. तोंडाने हो हो.

आईने शेजारी चार घरी सांगून टाकलं. वरच्या काकू विचारतात, पार्टी कधी.

७ जुलै, सोम.
उद्या कागदपत्रं तपासणी. यादी वाचली. चौथ्या नंबरवर: शाळा/कॉलेज सोडल्याचा दाखला, मूळ प्रत.

मूळ टीसी पुण्यात जमा आहे. ती एकदाच मिळते. हरवली तर प्रतिज्ञापत्र वगैरे करून दुसरी काढतात, पण माझी हरवलेली नाही, मी माझ्या हाताने देऊन आलेय. हे आज सुचलं! गणितात पहिली आलेली मुलगी. डोकं कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

इं. काकांना गाठून सांगावं का? इंगळे काका बाबांच्या शेजारच्या टेबलावर होते, आमची फाईल त्यांनीच इथवर ढकलत आणली. दुपारी कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेले. परत आले. भ्याड आहे मी, दुसरा शब्द नाही.

८ जुलै, मंगळ.
झालं.

वारस म्हणून आईलाही बोलावलं होतं. ठेवणीतली साडी, डोक्यावर पदर. बाहेर ते आपलं बुलढाण्याचं जुलैचं धुकं, आत दिवसा ट्यूबलाईट. ज्या टेबलावर तपासणी होती त्याला अजून सगळे "भाऊंचं टेबल" म्हणतात. भाऊ म्हणजे बाबा.

बाई एकेक कागद बघत गेल्या. दहावी, बारावी, पदवी, जात. मग, "मूळ टीसी?"
मी म्हटलं, कॉलेजातच आहे, काढायची राहिली.
आई लगेच, "काऊन वं, तू तं आनली होती ना? म्या पाह्यली. निळ्या फाईलीत होती."
बाईंनी माझ्याकडे बघितलं. इं. काकांनी बघितलं. मी झेरॉक्सच्या गठ्ठ्याकडे.
"पुण्याला जमा आहे," मी म्हणाले. "एम.एस्सी.ला प्रवेश घेतलाय."

आईने पदर नीट केला, बाईंना म्हणाली, "मॅडम, दोन दिवस द्या." इतक्या शांतपणे, की मला रडू आलं. शरमेने.

घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

९ जुलै, बुध.
बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तेही तिने सांगितलं नाही, मीही नाही. दोघींनी खाल्ली.

संध्याकाळी इं. काका आले. चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. सोमवारपर्यंत मुदत मिळवलीय त्यांनी. हो असेल तर पुण्याहून टीसी आणायची आणि हमीपत्र द्यायचं. नाही असेल तर नकार लेखी. "नकार देल्ला का फाईल बंद होते, पोरी. मग पाहा कोनाले भेटते परत." हमीपत्राचा नमुना ठेवून गेले: मी माझ्या आईचा आयुष्यभर सांभाळ करीन.

असं टाईप केलेलं वाचून कसंतरीच झालं. यावर सही नाही केली तर मी सांभाळणार नाही, असा अर्थ होतो का?

जाताना काका आईला म्हणाले, "वहिनी, तवाच तुम्ही घेतली असती तं आज ही वेळच नसती."
आई चटकन म्हणाली, "तवा तुम्हीच म्हनले ना, भाऊच्या बायकोच्या हातचं पानी आमच्या घशाखाली कसं उतरन."

काका चप्पल शोधत राहिले.

१० जुलै, गुरु.
हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं मी समजत होते की जागा माझ्यासाठीच होती. आज विचारलं तर भांडी घासता घासता सांगितलं. बाबा गेल्यावर पहिलं नाव तिचंच विचारलं होतं. ती दहावी पास, म्हणून शिपाई. ती तयार होती. साखरखेर्ड्याचे काका नको म्हणाले, ऑफिसातले नको म्हणाले, साहेबांच्या बायका जिला हळदीकुंकवाला बोलावतात तिने तिथेच पाणी द्यायचं का. मग तिने माझं नाव लिहिलं. मी तेव्हा बारावीत. मी सज्ञान होईपर्यंत थांबली, मग माझी पदवी होईपर्यंत थांबली.

म्हणजे नाही म्हणायचं तर नुसतं बाबांच्या जागेलाच नव्हे, आईच्या चार वर्षांनाही नाही म्हणायचं. हे आधी कळलं असतं तर पुण्याला गेले नसते. किंवा गेलेच असते, आणखी मोठं खोटं बोलून. माझा आता भरवसा नाही.

११ जुलै, शुक्र.
भांडण. एकदाचं.

"तुले जायचं होतं तं जा म्हनली असती मी. पन शेगाव काऊन सांगतलं? देवाचं नाव घेऊन?"
मी म्हटलं, "तू जा म्हनली नसती."
"तू विचारलं का?"
नाही विचारलं. मग माझा तोल गेला. म्हटलं, मले त्या टेबलावर नाही बसायचं, अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत जावक लिहीत, सगळे म्हनतीन भाऊची पोरगी. मले गणित येते, आई! मले तेवढंच येते!

ती म्हणाली, "तुह्या बाबानं तेच टेबल करून तुले गणित शिकवलं."
बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला तिचा राग येतो, आणि ती एकटी या घरात जेवायला बसलीय हे डोळ्यांपुढे आलं की सगळं पुणे नकोसं होतं. दोन्ही खरं आहे.

१२ जुलै, शनि.
पा. मॅडमकडे गेले. म्हणाल्या, "पुण्याची जागा सोडलीस तर पुढच्या वर्षी परत परीक्षा देता येईल." मग जरा थांबून, "पण नोकरीतून परत आलेली मुलगी मी तरी पाहिली नाही." म्हणजे काय करू ते सांगितलंच नाही. शहाण्या आहेत.

१३ जुलै, रवि.
आई मेथी निवडत होती. मान वर न करता, "पंचेचाळीसच्या आत लागते ना वय?"
"कशाचं?"
"अनुकंपाचं. मले दिवाळीले पुरे होतीन."

मला समजायला वेळ लागला. पेटीतून तिने तिची दहावीची मार्कशीट काढून ठेवली होती. गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त होते. कधी बोलली नाही.

म्हटलं, "माह्यासाठी करून राह्यली का तू हे? मग नोको."
तिने जुडी खाली ठेवली. "सगळं तुह्याचसाठी असते का वं? मले तवाच पाह्यजे होती. लोकाईनं नाही करू देल्ली."
मी म्हटलं, शिपायाची आहे, आई.
"मंग? पानीच द्याचं ना? घरी काय करून राह्यली मी?"

खरं बोलतेय की मला सोडवतेय? तिच्या तोंडावरून काही कळत नाही. खोटं बोलण्यात मी कोणावर गेले ते मात्र आज कळलं.

१४ जुलै, सोम. कार्यालय, बाहेरचा बाक
आई एकटीच आत गेली. मला म्हणाली, इथं बस. वीस मिनिटांनी इं. काका बाहेर आले, घाम पुसत. "वहिनीनं मले बोलूच नाही देल्लं. डायरेक्ट साहेबासमोर."

मग मला आत बोलावलं. साहेब वाईट नाहीत. म्हणाले, नाव बदलून मिळू शकतं, वर पाठवावं लागेल, मंजूर होईलच असं मी सांगत नाही. पण आधी मुलीचा नकार लेखी हवा, त्याशिवाय यांचा अर्ज घेता येत नाही.

म्हणजे मी सही केली की माझी जागा आत्ता जाणार. आईची येईल की नाही ते कोणालाच माहीत नाही. दोन्ही गेल्या तर? मी पुण्यात समीकरणं सोडवतेय आणि ती इथे...

दहा मिनिटं मागून बाहेर आले. नकाराचा कागद मांडीवर, वहीखाली. आई समोर उभी आहे, बस म्हटलं तर बसत नाही. तिचा अर्ज लिहून तयार आहे, फक्त सही राहिलीय.

पेन आमच्यात एकच आहे. ती म्हणतेय, "तुहं झालं का मले दे."