फावड्याचा दुसरा घाव

दादा,

थंडी वाढली आहे. रोज संध्याकाळी मी रोपांवर गोणपाट घालतो आणि ऊन वर आल्याशिवाय पाणी देत नाही, बाबा करायचे तसंच. लिंबोणीचा मात्र बुंधाच तेवढा उरलाय.

गेल्या हिवाळ्यात त्या सकाळी मी गुलाब छाटत होतो. तू कुऱ्हाड घेऊन आलास आणि न विचारता बाबांच्या लिंबोणीवर चालवलीस. "माणूस गेला, आता झाड कशाला? गाडी लावायला जागा हवी," म्हणालास. झाड आडवं झालं तसं मी फावडं उचललं आणि तुझ्या खांद्यावर घातलं. तू कोसळलास.

डॉक्टरांना तू सांगितलंस, शिडीवरून घसरलो. वहिनीलाही तेच. मला एकट्याला म्हणालास, "रागाच्या भरात झालं, सोडून दे."

ते मला सोडवत नाही. पहिला घाव रागाचा होता. पण तू पडल्यावर मी थांबलो होतो, दादा. मातीवर पसरलेला तुझा उजवा हात मी नीट पाहिला. घड्याळं दुरुस्त करणारा हात. मग त्याच्यावर पुन्हा फावडं घातलं, सगळा जोर लावून. हाडं मोडल्याचा आवाज आला, तेव्हा मला बरं वाटलं.

परवा वहिनीचा फोन आला. म्हणाली, "भाऊजी, ह्यांना शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. येऊन बसत जा जरा. तुमच्याशिवाय त्यांना आहे कोण?"

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या येईन, तुझी बटणं लावून देईन आणि काही बोलणार नाही.

तुझा धाकटा