सहाशे ऐंशी लिटर पाणी आणि एक भोक

ती. बाबांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार (ओल्या फरशीवर घातलेला, त्यामुळे थोडा घसरता). गुडघे आता जिना चढू देतात का? कानातलं यंत्र लावता, की अजून डबीतच ठेवून देता? एकट्यापुरतं रांधायचा कंटाळा म्हणून तुम्ही दोन-दोन दिवस एकच भाजी खाता, असं तुमच्या लेकीच्या कानावर आलंय. तिने ते माझ्या कानावर घातलं, मी कागदावर घालतोय. आमच्याकडे सगळं उत्तम आहे. 'उत्तम' हा शब्द मी पूर्ण विचारांती वापरलाय, एवढं पत्र संपेपर्यंत लक्षात असू द्या.

तुम्ही तीस वर्षं पंपघरात उभं राहून अख्ख्या गावाला पाणी पाजलंत. आता तुमचा जावईही त्या क्षेत्रात उतरलाय. बैठकीच्या खोलीत मी माशांची टाकी बसवली. टाकी म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर असते तसली काचेची बरणी समजू नका. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. भरली की सहाशे ऐंशी लिटर. ("एवढ्यात आपल्या दोघांचे महिन्याचे कपडे निघतील," असं तुमची लेक म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.) आणली त्या दिवशी ती दारातून आत येईना. दाराचं माप मी घेतलं होतं आणि ते बरोबरच होतं, पण दाराला कडीही असते हे नकाशात दाखवायची आमच्या कचेरीत पद्धत नाही. शेवटी कडी काढली. अजून लावायची आहे. सध्या दाराला खुर्ची लावून झोपतो.

आता यंत्रणा ऐका, म्हणजे पुढचं समजेल. वरच्या टाकीतलं पाणी कोपऱ्यातून एका पाइपने खाली उतरतं, स्टँडच्या कपाटात दडवलेल्या लहान टाकीत. तिथे ते स्पंजातून आणि चिनी मातीच्या कड्यांतून गाळलं जातं, आणि पंप ते दुसऱ्या पाइपने परत वर चढवतो. याचा मी तीन रंगांत नकाशा काढला. उतरतं पाणी निळं, चढतं लाल, विजेची वायर हिरवी. बावीस वर्षं भूमापन कचेरीत नकाशे काढलेला माणूस, तो काही कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने रेघोट्या मारणार नाही. पाइप जोडायला बोलावलेल्या नळवाल्यांनी तो हातात घेतला, उलटा धरून बराच वेळ पाहिला, "छान आहे" म्हणाले, आणि फरशी टोचू नये म्हणून गुडघ्याखाली घेतला.

माणूस कमी बोलणारा, पण हात सोन्याचा. दोन दिवसांत सगळे सांधे जोडले. जाता जाता मात्र त्यांनी पाणी वर नेणाऱ्या लाल पाइपला, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम नखभर खाली, ड्रिलने एक भोक पाडलं. ड्रिल चालू असताना ते काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, तरी मी समजल्यासारखी मान हलवली. (कचेरीत याच सवयीवर मला दोनदा बढती मिळालीय.) सकाळी पाहतो तर त्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडतेय. चांगल्या माणसाचाही हात एखाद्या वेळी चुकतो, उगाच त्यांना बोलावून ओशाळं कशाला करा, अशा उदार मनाने मी गळतीवर लावायचा लेप आणून भोक बुजवून टाकलं. चिळकांडी थांबली. तुमच्या लेकीला मी म्हणालोसुद्धा, की काम पूर्ण व्हायला शेवटी घरच्याच माणसाचा हात लागतो.

गुरुवारी दुपारी वीज गेली. पंप थांबला. मी निश्चिंत होतो, कारण पंप थांबला की पाणी थांबणार, हे नकाशात स्पष्ट होतं. तेवढ्यात कपाटाखालून पाणी आलं. आधी पातळ ओघळ, मग चांगला पसरट लोंढा. खालची टाकी फुटली असं मी जाहीर केलं आणि मगने त्यातलं पाणी उपसून वर ओतू लागलो. जितकं ओतावं तितकं जोरात परत यायचं! तुमची लेक नुकतीच रुग्णालयातून ड्यूटी करून आली होती. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. ती दारात उभी राहून क्षणभर बघत राहिली.

"ओतताय काय? पाइप वर काढा!"

"अगं, टाकी फुटलीय."

"काही फुटलं नाहीये. उलटं खेचतंय ते. सरका."

मला बाजूला करून तिने लाल पाइपचं पाण्यात बुडालेलं तोंड धरलं आणि सरळ पाण्याबाहेर उचललं. घुर्र असा आवाज झाला आणि सगळं शांत. पंप बंद पडला की तोच पाइप वरचं पाणी खाली ओढायला लागतो, म्हणून मध्येच हवा शिरायला ते भोक होतं. सलाईनची बाटली चुकून खाली गेली तर नळीत काय होतं, हे वीस वर्षं बघितलेल्या बाईला नकाशा लागत नाही. हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो, पण फक्त तुमच्याजवळ.

तोवर दीडशे लिटर गेलं होतं. कुठे, ते खालच्या मजल्यावरचे शिंपी वर आले तेव्हा कळलं. त्यांच्या हातात अर्धवट शिवलेला, भिजलेला कोट होता. परवा लग्न असलेल्या गिऱ्हाइकाचा. कोटाचे दोन्ही भाग आम्ही खुर्च्यांवर पसरले, आणि पंखा बंद असल्यामुळे मी आणि तुमची लेक दोन बाजूंनी वर्तमानपत्रांनी वारा घालत बसलो. शिंपी चहा घेत टाकीकडे बघत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "अस्तराला डाग नाही पडला. सुटलात." आता रोज संध्याकाळी टाकी बघायला येतात.

दुसऱ्या दिवशी नळवाले आले. माझा लेप त्यांनी नखाने खरवडला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भोक पाडलं. मग आम्ही चौघांनी (शिंपीही वर आले होते) मुद्दाम पंप बंद केला. पाणी नखभर उतरलं, भोकाने हवा ओढली, आणि थांबलं. बाबा, तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही. नळवाल्यांशी मी हात मिळवला. नकाशात भोक दाखवलंय, त्यासाठी चौथा रंग आणला. यंत्रणा आता निर्दोष आहे.

तुमचा,
जावई

ता. क. मासे अजून आणलेले नाहीत. गाळणी मुरायला महिनाभर लागतो म्हणतात. शिंपी रोज नुसतं पाणीच बघतात.

ता. क. २. एवढ्या मोठ्या यंत्रणेवर अनुभवी नजर हवी. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुम्ही काही महिने इथे राहून पंपाकडे लक्ष दिलंत, तर माझ्यावर उपकार होतील. मागची खोली रिकामीच आहे.

ता. क. ३. बाबा, हे अक्षर माझं आहे. पंपाला कोणाच्या नजरेची गरज नाही, तो छान चालतोय. मागच्या खोलीला यांनी रंग दिलाय, खिडकीजवळ दिवा बसवलाय, न्हाणीघरात धरायला दांडा लावलाय. 'आमच्याकडे राहायला या' एवढंच लिहायला हे बसले होते, पाच कागद फाडले, मग हे टाकीचं सुचलं. रविवारी मी गाडी घेऊन येतेय, कपडे भरून ठेवा. आणि मी हे लिहिलंय ते यांना कळू देऊ नका. पाकीट चिकटवायला त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिलंय.