पहिली रांग, चौथी इमारत

प्रिय चिमणे,

आईचं सोडून माझं अक्षर बघूनच तू घाबरशील, म्हणून आधी बरं ते सांगतो. नदीच्या दोन्ही काठांवरच्या शहरांतल्या घरांचं ते माझं फोटोंचं पुस्तक एकदाचं छापायला गेलं. डाव्या पानावर आपली घरं, उजव्या पानावर तुमची. आपली तुला माहीतच आहेत, एकासारखं दुसरं नाही. कुणाचा जिना बाहेरून, कुणाचा सज्जा वाकडा, पण झाडून सगळी नदीकडे तोंड करून बसलेली. तुमच्या इमारती एका साच्यातल्या, करड्या, सरळसोट, आणि नदीकडे चक्क पाठ! त्या पाठीवर गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. दुसरंही एक सांगायचंय, ते शेवटी सांगतो. धीर धर.

पूल बंद झाला, फोन तुटले आणि तुझी आई अंथरुणाला खिळली, सगळं एकाच हिवाळ्यात. तिला एकच ध्यास, तू एकदा नजरेला पडावीस. निघताना तू सांगून गेली होतीस, पहिली रांग, चौथी इमारत, तिसरा मजला. मग काय, मी सगळ्यात लांब पल्ल्याची लेन्स खिडकीत रोखली, तिचा पलंग शेजारी ओढला आणि बाईसाहेब तुझ्या गॅलरीला डोळा लावून बसल्या. इतक्या लांबून माणूस दिसतं बोटाएवढं, चेहरा कुठला कळायला! पण चालणं अगदी तुझंच, असं ती छातीठोकपणे सांगायची. ऊन उतरलं तरी कपडे काढत नाही म्हणून इथून तुला बोल लावायची. तिला ऐकू जातंय का, असं मी म्हटलं की म्हणायची, शेजारी होती तेव्हा तरी कुठे ऐकत होती!

पुढे दोरीवर झबली दिसायला लागली. अगं, काय सांगू तुला! औषध बघून तोंड वाकडं करणारी तुझी आई उठून बसली, लोकर मागवली आणि टोपडं विणायला घेतलं. चार ओळी विणायची, तीन उसवायची.

तेवढ्यात पुस्तकासाठी मला पलीकडचा परवाना मिळाला. एकच दिवस, सोबत शिपाई, नदीकाठची रांग सोडून पाऊल टाकायचं नाही आणि माणसांचे फोटो काढायचे नाहीत. मला त्याचं काय, जन्मभर मी माणसं फोटोतून बाजूला व्हायची वाटच बघत आलो, आणि जी मध्ये राहिली त्यांना हलू दिलं नाही. उगाच का गल्लीतली पोरं मला ‘हलू नका काका’ म्हणतात! धापा टाकत तिसरा मजला चढलो, बेल दाबली. दार उघडणारी तू नव्हतीस, दुसरीच बाई होती. तिच्या कडेवर गुटगुटीत बाळ होतं. मी तुझ्याबद्दल विचारलं, तर तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची इमारत दाखवली. तुमच्याकडे रांगा रस्त्याकडून मोजतात, चिमणे. आम्ही नदीकडून मोजली. तुझी खिडकी बंद होती, तू कामावर गेली होतीस. त्यांना मूल नाही अजून, असं ती बाई हळूच म्हणाली आणि मला पाणी दिलं. शिपाई घाई करत होता. तुझ्या बंद खिडकीचा एक फोटो काढला आणि परत आलो.

दारात पाऊल ठेवताच आईने काय विचारलं असेल? बाळ कसं आहे. गुटगुटीत आहे, आजीवर गेलंय, असं मी सांगितलं. खोटं बोललो, आणि वेळ आली तर पुन्हा बोलेन. तुझ्या दुखऱ्या जागेला हात लागतोय हे मला कळतं, पोरी. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली गं.

आता ते सांगतो. आई गेली. गेल्या आठवड्यात, दुपारी, खिडकीपाशीच. टोपडं पुरं झालं होतं. पुस्तकाचे कागद घेऊन छपाईवाला पलीकडे येतोय, त्याच्याबरोबर ते पाठवतोय. तुझ्याजवळ ठेवावंसं वाटलं तर ठेव, नाहीतर त्या बाईच्या लेकराला घाल. आईने इतके दिवस माया केली ती त्याच्यावरच. फक्त एखाद्या रविवारी सकाळी त्या बाईला विचारून तिच्या गॅलरीत जरा उभी राहा. हे पत्र तुझ्या हातात कधी पडेल ठाऊक नाही, म्हणून मी दर रविवारी लेन्स लावून बसणार आहे. आणि तिथे पुतळ्यासारखी उभी राहू नकोस. खुशाल हात हलव, चिमणे. हललेला फोटो चालेल मला.

तुझाच,
बाबा