गाडीचा दम

मुरगूड
१२ ऑगस्ट २०२५

चि. स्नेहलला अ. उ. आ.

फोनवर तुझं बोलणं नीट कळत न्हाय, म्हणून लिहितोय. गाडीचा दम गेलाय. तुझी आई मागं बसायची तेव्हा चढाला कशी गुरगुरायची! आता मी एकटा असून मुक्यासारखी चालती. कोल्हापुरात एका दुकानात गेलतो. दुकानदार म्हणाला, रेसिंगचा सायलेन्सर नि एअर फिल्टर बसवा, पळायला लागंल. तू तिकडं इंजिनंच तपासतीस. घेऊ का नको, सांग.

स्वयंपाक माझा मीच करतो. आमटी अळणी झाली तर सांगायला कोण न्हाय, एवढंच.

तुझी आठवण काढणारा,
आबा

चेन्नई
२५ ऑगस्ट

ती. आबांस, सा. न. वि. वि.

असले भाग आमच्याकडे चाचणीला येतात. नुसता सायलेन्सर बदलला की आवाज वाढतो, आणि त्यामुळेच गाडी पळतेय असं वाटतं. ताकद जवळजवळ तेवढीच राहते. तो फिल्टर हवा जास्त घेईल, पण आपल्याकडच्या धुळीत सिलिंडर झिजवेल. शर्यतीच्या गाडीला सगळं जुळवून बसवलं तर उपयोग होतो. तुमची गाडी बाजारला जाते. आधी गुंडू मेस्त्रींना दाखवा.

पण आबा, तुम्हाला वेगाची हौस कधीच नव्हती. जरा दामटा, असं आईच म्हणायची. मग आत्ताच हे कशाला?

मी बरी आहे. दिवसभर इंजिनांच्या आवाजात असते. खोलीवर आलं की मराठीत बोलायला कुणी नसतं.

उत्तराची वाट बघणारी,
स्नेहल

मुरगूड
९ सप्टेंबर

चि. स्नेहलला अ. उ. आ.

गुंडू मेस्त्रीनं गाडी फिरवून बघितली, इंजिन ठणठणीत हाय म्हणाला. मग मला चालवायला लावून तो मागं बसला. उतरल्यावर माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, “आबा, सगळा रस्ता सेकंडमधेच काढलासा की!”

मला कळलंच नव्हतं. गेअर मी आवाजावर टाकायचो, पोरी. इंजिन गेलं न्हाय, कान गेल्यात. तू विचारलंस, हे कशाला. मोठा सायलेन्सर लावला तर गाडी ऐकू येईल, असं मनात होतं.

तरी एसटीनं परत त्या दुकानात गेलो. दुकानदारानं तसली गाडी सुरू करून दाखवली. दारातली माणसं कानावर हात ठेवून बाजूला झाली. माझ्या छातीत हादरा बसला, आवाज मात्र लांबनं आल्यागत आला. काय न घेता माघारी आलो. गाडी झाकून ठेवलीया.

कुणाला सांगू नको.

तुझा,
आबा

मुरगूड
९ नोव्हेंबर

चि. स्नेहलला अ. उ. आ.

दिवाळीत येऊन तू मला कानाचं यंत्र बसवून दिलंस, ते चांगलं चाललंय. कुकरची शिट्टी येती, शेजारच्या बयाबाईचं जावेशी भांडणबी येतं. काल गाडी काढून कागलपर्यंत जाऊन आलो. नवं कायबी न लावता झ्याक पळाली. गेअर सगळे जिथल्या तिथं पडले.

एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. कान गेल्यालं तेव्हा वाटायचं, घरात आवाज हाईत, मलाच येत न्हाईत. आता कळलं, घरात आवाजच न्हाईत. म्हणून दिवेलागणीला यंत्र काढून डबीत ठेवतो. जरा बरं वाटतं.

तू येशील त्या दिवशी सकाळपासनं घालून बसेन.

तुझ्यावर जीव असलेला,
आबा