पाचवं अंडं

प्रिय बारक्या,

ताईचा आशीर्वाद, आणि एक धपाटा आगाऊ.

मी ठणठणीत आहे. नवा हात बसला. कोपराखाली जे उरलंय, तिथल्या स्नायूंवर दोन चकत्या टेकवतात. नसलेली मूठ मी मनातल्या मनात वळली, की स्नायू हलतो, चकत्यांना ते कळतं आणि मोटरची बोटं मिटतात. आहे की नाही गंमत!

खोड एकच. जरा चिडले की स्नायू ताठतो आणि हात करकचून आवळतो. शिकवणाऱ्या बाई रोज एक कच्चं अंडं धरायला देतात. चार फोडली. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाचा एवढा राग येतो हो?"

मी म्हटलं, "भावाचा. कागद कापायचं मशीन त्यानं चालू केलं तेव्हा माझा हात आत होता. तेव्हापासून तोंड लपवून बसलाय."

अरे शहाण्या, हात काढायच्या आधी "चालू कर" म्हणून मीच ओरडले होते ना? ते कुणालाच न सांगता सगळा दोष गुपचूप अंगावर घेतलास. मला राग आहे तो याचा.

आई वेळेवर जेवते ना? तू दुकान उघडतोस ना?

आज मुद्दाम तुझाच विचार करत पाचवं अंडं धरलं. बाईंनी शंभरपर्यंत आकडे मोजले. फुटलं नाही.

रविवारी भेटायची वेळ दहा ते बारा आहे. ये. याच हातानं तुझा कान धरायचाय. घाबरू नकोस, शाबूत राहील.

तुझी,
अजूनही तेवढीच तापट ताई